अकरा बटा चारशे

सिमरोलच्या पुढे, डाव्या हाताला,
जंगल खात्याचा दांडा कायम अर्धवट वर असतो.
तिथे डांबर संपतं.
पायांना आधी कळतं, कानांना मग.

तेहतीस वर्षं मी रस्ते केले.
सब-इंजिनियर म्हणून लागलो, एसडीओ म्हणून सुटलो.
डब्यातल्या पोळीलाही डांबराचा वास येतो म्हणायची सुलभा,
आणि डबा दोनदा घासायची.

आता या वयात गिट्टीच्या मागे लागलोय.
गिट्टी आपल्या इंदूरची. पुण्याचे व्याही तिला खडी म्हणतात,
आणि ऋजुता ग्रॅव्हल.
ती असते तिकडे दिजोंला;
रविवारी मोर्वांच्या डोंगरात सायकल घालते.
तिनेच नकाशा पाठवला.
हिरव्यावर एक तुटक रेघ, बीचचं रान, ओकचं रान.
"बाबा, चाळीस किलोमीटरमध्ये एकही गाडी नाही.
एक हरिण दिसलं. आणि एक पाववाला, तोही बंद."

भंवरकुआंवर तो रंगीत छापून घेतला,
हँडलला चिमट्याने लावला,
आणि नकाशा फ्रान्सचा, रस्ता चोरलकडचा,
असा निघालो.

हसू नका. जमतं.
सातव्या किलोमीटरला चढ लिहिलाय: आला.
चर्चपाशी उजवीकडे वळा:
शेंदूर फासलेला भिलटदेव होता, वळलो.
बीचच्या जागी साग धरला, ओकच्या जागी धावडा,
ओढा तर दोन्हीकडे ओढाच,
फक्त आपला चैत्रात दगडांचा वाहतो.

चाळीस एमएमची गिट्टी, वर मुरूम,
रोलर फिरलेला नाही.
माझ्या हाताखाली असतं तर बिल अडवलं असतं.
आज त्याच सैल थरावर मागचं चाक जरासं सरकतं
आणि बरगड्यांमागे कुठेतरी
घट्ट आवळलेला एक नट
अर्धा आटा ढिला होतो.

मोहाची फुलं टायरखाली.
झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी केलेली,
त्यावर फुलं, ओली, पिवळट, मोजून टाकल्यासारखी.
हॉर्न नाही. डंपर नाही.
माझाच श्वास, म्हाताऱ्या इंजिनाचा.

आणि मग ती खुंटी.
डोक्याला लाल रंग, चुन्याची रेघ,
११/४००.
नकाशावर हिच्या जागी काहीच नव्हतं.
अक्षर अनोळखी,
पण ही भाषा मी झोपेतही वाचतो:
सात मीटर रुंद, दोन्हीकडे साइडपट्टी,
एवढे साग जातील, तेवढे धावडे,
भिलटदेव आठ फूट मागे सरकेल.

टोपली भरून एक बाई आली. सुरमलीबाई, पलीकडच्या पाड्यावरची.
सायकल बघितली, टोपी बघितली, खुंटी बघितली.
"रोड बनेगा ना, साब?"

श्रावणात सुनेला खाटेवर घालून नेलं, ती सांगत होती,
चौघं जण, त्या दांड्यापर्यंत,
तिथे गाडी येते.
गिट्टी पायाखाली फिरते पावसात.
खाट दोनदा टेकवावी लागली.
पुढचं तिने सांगितलं नाही,
टोपलीतली फुलं उगाच वरखाली केली.

या वाटेला हात लावू नका,
असं पत्र मी चढ चढतानाच मनात लिहून ठेवलं होतं.
कुणाकडे द्यायचं, तेही ठरलं होतं;
अजून दोघंतिघं ओळखतात त्या ऑफिसात.

ती गेल्यावर नीट पाहिलं.
शेळीने धडक दिली असेल, खुंटी कलली होती.
एक डोळा मिटून ओळ धरली,
११/३७५ ते ११/४२५,
चार बोटं बाहेर.
उपटली, ओळीत लावली,
जवळचाच एक दगड घेऊन ठोकली.
सवय, दुसरं काय.
दगड चाळीसपेक्षा मोठा होता.

रात्री ऋजुताने विचारलं, "बाबा, किती गाड्या?"
एकही नाही, लिहिलं.
मोहाच्या फुलांचा फोटो पाठवला, खुंटीचा नाही.
मग राहवेना म्हणून विचारलं,
तुमच्या मोर्वांत कुणाला रात्री कळा सुरू झाल्या
तर कुठून नेतात गं?

बराच वेळ टायपिंग, टायपिंग.
विचारून सांगते, म्हणाली.